‘नॉर्मलच तर झाली’ : व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून झालेल्या प्रसूतीनंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका २७ वर्षांच्या मातेची पहिली प्रसूती मेच्या मध्यावर झाली. दीड तास जोर लावूनही बाळ बाहेर येईना आणि त्याचे ठोके कमी होऊ लागले, म्हणून आधी व्हॅक्यूम, म्हणजे हवेच्या ओढीने बाळाच्या डोक्याला चिकटणारी वाटी, लावले. ती वाटी निसटली, तेव्हा चिमट्याने (फोर्सेप्सने) बाळ काढले. बाळ सुखरूप आहे. आता सात आठवड्यांनंतरही टाके दुखतात, खोकले की लघवीचे थेंब गळतात, कधीकधी वायू रोखता येत नाही, आणि डोळे मिटले की प्रसूतिकक्ष पुन्हा समोर उभा राहतो. घरचे म्हणतात, ‘नॉर्मलच तर झाली, सीझर थोडीच झाले?’ त्यांना विचारायचे आहे की आपले काही कायमचे बिघडले आहे का, आणि पुढच्या वेळी सीझरच मागून घ्यावे का.

ताई, तुमच्या सगळ्या तक्रारींपैकी एकीला मी आधी हात घालते, कारण ती थांबवून ठेवण्यासारखी नाही. वायू रोखता न येणे हे थकव्यासारखे ‘होईल हळूहळू बरे’ म्हणून सोडून देण्याचे लक्षण नव्हे. गुदद्वाराभोवती मल आणि वायू रोखून धरणारी स्नायूंची दोन कडी असतात. बाळाचे डोके बाहेर येताना योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधला भाग फाटतो, तेव्हा ती फाट कधी या कड्यांपर्यंत पोहोचते. कडे फाटले तर तिला आम्ही तिसऱ्या श्रेणीची इजा म्हणतो, आणि आतल्या अस्तरापर्यंत फाट गेली तर चौथ्या श्रेणीची. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने दिलेल्या आकड्यांप्रमाणे ही इजा साधनाविना झालेल्या योनिमार्गे प्रसूतीत १०० मध्ये सुमारे ३ जणींना, व्हॅक्यूममध्ये ४ पर्यंत आणि चिमट्यामध्ये ८ ते १२ जणींना होते. दोन्ही साधने एकामागून एक वापरावी लागली तर धोका आणखी वाढतो, आणि तुमच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे. ही इजा प्रसूतीच्या वेळीच, टाके घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर गुदद्वारातून बोटाने तपासून ओळखायची असते. पण रक्त, सूज आणि घाई यांत ती कधीकधी निसटते. म्हणून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन ही तपासणी मागून घ्या. गरज वाटल्यास या स्नायूंची विशिष्ट सोनोग्राफी करता येते. अनेकींमध्ये स्नायू फाटलेला नसून ताणला जाऊन दुबळा झालेला आढळतो आणि तो व्यायामाने सुधारतो. फाटलेला निघाला तरी त्यावर उपचार आहेत. लाजेपोटी हे लपवून ठेवण्यातच खरे नुकसान आहे.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण मी विसरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी काटोलकडची एक बाई माझ्याकडे आली ती पाळीच्या तक्रारीसाठी. तपासताना जुना व्रण दिसला म्हणून मी विचारले, तेव्हा तिने सांगितले की पहिल्या बाळंतपणापासून चार वर्षे तिला वायू आणि पातळ संडास रोखता येत नाही. हळदीकुंकवाला जाणे तिने सोडले होते, एसटीने माहेरी जाणे सोडले होते, आणि नवऱ्यालाही कारण सांगितले नव्हते. तिच्या जुन्या कार्डावर ‘एफटीएनडी’ अशी चार अक्षरे होती, म्हणजे पूर्ण दिवसांची नॉर्मल प्रसूती. चिमटा लावल्याचा उल्लेख नव्हता, फाट किती होती याचाही नव्हता. त्या चार अक्षरांमुळे तिला स्वतःलाच वाटत राहिले की आपली प्रसूती नॉर्मल होती, तेव्हा आपल्याला होणारा त्रासही नॉर्मलच असणार.

तुमच्या घरचे जे म्हणतात त्यामागेही हाच शब्द आहे. आपल्याकडे बाळंतपणाचे दोनच प्रकार मानले जातात, नॉर्मल आणि सीझर. सीझर झालेल्या बाईच्या पोटावरचे टाके घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. तिला वजन उचलू देत नाहीत, उठताना हात देतात. व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून प्रसूत झालेल्या बाईचे टाके कोणाला दिसत नाहीत, म्हणून पाचवीच्या पूजेला तिला पाटावर बसवतात आणि बारशाला ती पाहुण्यांना वाकून नमस्कार करत फिरते. माझे स्पष्ट मत आहे की साधन लावून झालेली प्रसूती ही शस्त्रक्रिया समजावी, आणि पहिले सहा आठवडे तिला सीझरइतकीच विश्रांती, तितकीच मदत आणि तितकीच पुनर्तपासणी मिळावी. हे वाक्य घरी मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

त्या दिवशी नेमके काय घडले, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही, म्हणून सांगते. गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडले, डोके ओटीपोटाच्या हाडांत खाली उतरले, आणि तरीही जोर लावून ते पुढे सरकत नाही किंवा बाळाचे ठोके बिघडतात, अशा वेळी डॉक्टरांपुढे दोनच वाटा असतात : खालून साधन लावून काही मिनिटांत बाळ काढणे किंवा सीझर करणे. बाहेरून सीझर सोपे वाटते, पण या टप्प्यावर ते सोपे नसते. खोल रुतलेले डोके वर ओढून काढताना गर्भपिशवीची चीर फाटत जाऊ शकते, रक्तस्राव जास्त होतो, आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात त्या व्रणाचा विचार करावा लागतो. व्हॅक्यूममध्ये बाळाच्या डोक्यावर वाटी बसवून हवा ओढून घेतात आणि कळेबरोबर, आईच्या जोराला साथ देत खेचतात. साधारण तीन खेचण्यांत बाळ यावे, आणि वाटी पुन्हा पुन्हा निसटत असेल तर थांबावे, असा नियम आहे. चिमटा म्हणजे फोर्सेप्सची दोन पाती बाळाच्या गालांच्या बाजूंनी बसतात. तो निसटण्याची शक्यता कमी असते, पण आईच्या अवयवांवर ताण जास्त येतो. व्हॅक्यूम निसटल्यावर चिमटा लावण्याचा निर्णय सोपा नव्हता. डोके अगदी दाराशी असेल आणि ठोके पडत असतील, तर अनुभवी डॉक्टरही तोच निर्णय घेतात. त्यावरून निष्काळजीपणा झाला असा निष्कर्ष लगेच काढू नका.

आणखी एक शंका तुमच्या सासूबाईंच्या किंवा शेजारणींच्या बोलण्यातून तुमच्यापर्यंत आलीच असेल, की चिमट्याचे बाळ मंद निघते. योग्य स्थितीत, योग्य हातांनी साधन वापरले गेले असेल तर त्यामुळे मुलाच्या बुद्धीवर परिणाम होत नाही. व्हॅक्यूमने डोक्यावर आलेला फुगवटा बहुतेक करून एक-दोन दिवसांत उतरतो, चिमट्याचे गालावरचे वळही तसेच जातात. कवटीच्या हाडावर रक्त साचून आलेली गाठ विरायला मात्र काही आठवडे लागतात आणि अशा बाळांना कावीळ थोडी अधिक होते. सात आठवड्यांचे तुमचे बाळ नीट पीत असेल, तुमच्याकडे बघून हसू लागले असेल, तर या भीतीला घरात थारा देऊ नका.

आता टाक्यांविषयी. आजकाल वापरला जाणारा धागा आपोआप विरघळतो आणि बहुतेकींची जखम तीन-चार आठवड्यांत भरते. सहा आठवड्यांनंतरही दुखत असेल तर त्याला कारण असते आणि ते शोधले पाहिजे : कुठे जंतुसंसर्ग राहिला आहे, कुठे भरणाऱ्या जखमेवर लालसर, नाजूक मांस वाढले आहे, कुठे व्रण ताठर होऊन ओढला जातो आहे. पहिल्यासाठी औषध आहे, दुसऱ्यासाठी बाह्यरुग्ण विभागातच होणारा छोटा उपचार आहे, आणि तिसऱ्यासाठी फिजिओथेरपिस्ट व्रणाला हलका मसाज कसा करायचा ते शिकवतात. जंतुसंसर्गाबाबत एक गोष्ट गरोदर वाचकांनीही लक्षात ठेवावी. ब्रिटनमधील २७ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, साधन लावून झालेल्या प्रसूतीनंतर सहा तासांच्या आत शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकाच्या एकाच डोसाने संसर्गाचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही ही शिफारस केली. तो डोस मिळाला होता का, हे आपल्या डॉक्टरांना नि:संकोच विचारावे.

नागपूरच्या मे महिन्यात बाळंतपण काढणे काय असते, हे मला सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि आत खोली बंद, कूलर बंद, खाटेखाली शेगडी, कानाला रुमाल, आणि पाणी मात्र मोजून, कारण ‘ओल्या बाळंतिणीने पाणी प्यायले तर पोट सुटते’. ही रीत प्रेमातून आली आहे आणि तिच्यातले पुष्कळ काही चांगलेही आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, चाळीस दिवस माहेरची माया, यांतले काहीही मी कधी बंद करायला सांगितलेले नाही. पण टाके असलेल्या बाईला उन्हाळ्यात शेगडी आणि कमी पाणी या दोन गोष्टी घातक आहेत. घामाने जखम ओली राहते, लघवी गडद होऊन जळजळते, आणि तूप-डिंक खाऊन पाणी न मिळाल्याने संडास खडा होते. मग बाई संडासला जायलाच घाबरते, कुंथते आणि टाक्यांवर ताण येतो. शेवटी घरचे म्हणतात, टाकेच नीट घातले नाहीत. लाडू जरूर खा, पण दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी, ताक, वरणाचे पाणी पोटात जाऊ द्या. संडास मऊ ठेवणारे पातळ औषध, लॅक्टुलोज, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे घेता येते. जमत असेल तर कमोड वापरा आणि पायाखाली आपला जेवणाचा पाट ठेवा, म्हणजे गुडघे वर येतात आणि कुंथावे लागत नाही. कढत पाण्याचा मारा टाक्यांवर नको. जखम कोमट पाण्याने पुढून मागे धुऊन, मऊ सुती कपड्याने टिपून कोरडी ठेवावी. पोट आत जावे म्हणून आवळून पट्टा बांधणेही टाळा, कारण तो दाब खाली, त्याच दुबळ्या स्नायूंवर पडतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. दूध बिघडेल म्हणून वेदना सोसत बसणे अनावश्यक आहे.

खोकल्यावर लघवी गळणे हे त्या मानाने कमी चिंतेचे आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत दर तिघींमागे साधारण एकीला हा त्रास असतो, मग साधन लावलेले असो वा नसो. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. तो नीट शिकवला तर उपयोगी पडतो आणि ‘केगल करा’ एवढेच सांगून सोडले तर बहुधा चुकीचा केला जातो. असा करा : आडवे होऊन, श्वास न रोखता, वायू आणि लघवी एकाच वेळी थांबवायची आहे अशा भावनेने तो भाग आत आणि वर ओढा. मांड्या, नितंब, पोट सैल राहिले पाहिजे. सहा ते आठ सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सोडा. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. सुरुवातीला तीन सेकंदच जमेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. बाळाला पाजायला बसण्याच्या वेळेशी याची सांगड घातली तर विसरले जात नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा सराव करू नये. तीन महिन्यांनीही फरक पडला नाही, किंवा खाली काहीतरी जड उतरल्यासारखे, अंग बाहेर आल्यासारखे वाटले, तर या स्नायूंचे खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

काही लक्षणे मात्र दिवस मोजत बसण्याची नसतात. एका तासात पूर्ण पॅड भिजेल इतका रक्तस्राव, १००.४ पेक्षा जास्त ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जखम उघडी पडणे, एका पोटरीला सूज आणि दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी, योनिमार्गातून वायू किंवा मल येणे : यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, गाडी नसेल तर १०८ आहे.

आता ज्या तक्रारीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, तिच्याविषयी. डोळे मिटले की ती खोली समोर येते, हे वाचून मी बराच वेळ थांबले. मी शिकत होते तेव्हा एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात रात्रपाळीला असताना एका मुलीला व्हॅक्यूम लावले. बाळाचे ठोके पडले होते, मी घाईत होते, आणि तिला एक शब्दही न सांगता हात घातला. एक मावशी तिच्या पोटावर जोराने दाबत होती, दुसरी ओरडत होती. बाळ रडले, मला धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी ती मुलगी माझ्याकडे बघेना. खूप विचारल्यावर म्हणाली, “मला वाटलं बाळ मेलं आणि तुम्ही तुकडा-तुकडा काढताय.” त्या दिवसापासून आजपर्यंत मी साधन हातात घेण्यापूर्वी, कितीही घाई असो, आईच्या डोळ्यांना डोळा देऊन तीन वाक्ये सांगते : बाळ थकले आहे, मी त्याला मदत करणार आहे, कळ आली की तू जोर लाव. याला दहा सेकंद लागतात. पोटावरून दाबण्याची ती पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने नाकारली आहे. आपल्याकडे २०१७ साली सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या सरकारी कार्यक्रमातही प्रसूतिकक्षात सोबतीण असावी आणि बाईला सन्मानाने वागवावे यावर भर आहे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येते, ते दोन आठवड्यांत निवते. तुमचे तसे नाही. सात आठवड्यांनंतरही दृश्ये आपोआप समोर येत असतील, झोप मोडत असेल, रुग्णालयाच्या रस्त्याने जाणे टाळावेसे वाटत असेल किंवा बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल, तर हा आघाताचा परिणाम आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळ सुखरूप असणे आणि आईला आघात होणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ‘बाळ धडधाकट आहे ना, मग?’ या प्रश्नाला तुम्ही उत्तर देणे लागत नाही. त्याच वेळी, कोणी बळेच तुम्हाला सगळे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. त्याने जखम खोल होऊ शकते. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. बाहेर पडणे जमत नसेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी घरातल्या एकाला सांगा आणि एकटे राहू नका.

पतिपत्नीसंबंधांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण जवळजवळ प्रत्येकीच्या मनात तो प्रश्न असतो. सव्वा महिना झाला म्हणजे शरीर तयार झाले, असे नसते. दुखणे थांबलेले असावे आणि तुमची इच्छा असावी, एवढ्या दोनच अटी आहेत. अंगावर पाजताना योनिमार्ग कोरडा राहतो, त्यावर साधे वंगण चालते. पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचा निर्णय आत्ताच घ्या. सरकारी रुग्णालयात ‘छाया’ गोळ्या आणि ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत मिळतात आणि दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या बंद केल्या असतील तर पुन्हा सुरू करा. तुमच्या थकव्याचा काही भाग तिथेही असू शकतो.

पुढच्या वेळी काय? एकदा साधन लावावे लागलेल्या दहाजणींपैकी आठ किंवा त्याहून अधिक जणींची पुढची प्रसूती साधनाविना, योनिमार्गे होते, कारण वाट एकदा मोकळी झालेली असते आणि जोर लावण्याचा काळ बराच आखूड असतो. म्हणून आज घाबरून सीझरचा निर्णय करून टाकू नका. पण तपासणीत गुदद्वाराचे कडे फाटल्याचे निघाले आणि वायू रोखण्याचा त्रास टिकून राहिला, तर ठरवून केलेले सीझर हा योग्य पर्याय ठरू शकतो. मनातली भीती उपचारानंतरही गेली नाही, तर तेही सीझर मागण्याचे वैध कारण आहे. अशा मागणीला ‘नाजूक’ म्हणून हसणारे डॉक्टर असतील तर दुसरे शोधावेत. पुढचे मूल हवे असेल तर दोन बाळंतपणांत अंतर ठेवा. हे बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत दिवस राहू न देणे तुमच्या स्नायूंसाठी आणि रक्तासाठीही हिताचे आहे.

तपासणीला जाण्यापूर्वी एक काम करा. जिथे प्रसूती झाली तिथे लेखी अर्ज देऊन तुमच्या केसपेपरची प्रत मागा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते. साधन का लावले, डोके किती खाली होते, किती वेळा खेचले, फाट कोणत्या श्रेणीची होती, रक्त किती गेले, ही माहिती त्यात असायला हवी. नसेल तर ज्या डॉक्टरांनी प्रसूती केली त्यांच्याकडून, भांडण न करता, विचारून घ्या आणि एका कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या गरोदरपणात जो कोणी तुम्हाला तपासेल त्याला हाच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडेल. आणि तपासणीच्या दिवशी बाळाला आजीकडे देऊन, आई-सासूबाईंना बाहेर बसवून, पहिली दहा मिनिटे डॉक्टरांशी एकट्याने बोला. वायूची गोष्ट तेव्हाच सांगा, सर्वांत आधी.